हा कुणाच्या घरी जाणार?

फोटो समोर आला की चाचा चष्मा कपाळावर सरकवायचे, नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवायचे आणि विचारायचे, "हा कुणाच्या घरी जाणार?"

अहो, नेटवरचा फोटो! सगळ्यांच्याच घरी जाणार की! पण चाचांना ते कधी पटलंच नाही. जुन्नरात त्यांचा फोटो स्टुडिओ. आमच्याकडच्या किती लग्नांचे अल्बम त्यांनी लावलेत! रोल धुऊन आला की सगळे फोटो चटईवर पसरायचे. कुणाचा घास तोंडात असतानाचा आला, की तो बाजूला. रुसलेल्या आत्याचा मात्र हसतानाचा सापडेपर्यंत शोधायचे.

मग डिजिटल कॅमेरे आले आणि स्टुडिओ ओस पडला. मी नेटवर जुन्नर-आंबेगावची कम्युनिटी काढली, तर जो उठेल तो फोटो टाकतोय! शेवटी चाचांनाच माझ्या सायबर कॅफेत आणून बसवलं, निवडायला. टायपिंग त्यांना कधी जमलं नाही. डिलीट मात्र लगेच शिकले.

एकदा डिंगोरे गावातल्या वरातीतला फोटो आला. बँडपुढं एक पोरगी नाचतेय, केस सुटलेले, दोन्ही हात वर. लई भारी फोटो! पण खाली पोरांच्या घाण कमेंट, त्यात कुणीतरी तिचं नाव-गावही टाकलं. पोरीचं लग्न ठरलेलं. सासरच्यांनी ते वाचलं असतं तर मोडलंच असतं.

चाचांनी मला तो आधी सीडीवर घ्यायला लावला, मग उडवला.

"चाचा, एवढ्या कमेंट आजवर कशालाच आल्या नव्हत्या, राव."

"म्हणून तर, बेटा."

"मग सीडी कशाला?"

"तिच्या घरी जाईल ना."

दुसऱ्या दिवशी त्याची प्रिंट काढून, मोठं पाकीट छातीशी धरून चाचा डिंगोऱ्याच्या एसटीत चढले. इकडं पोरं त्यांना सेन्सॉर बोर्ड म्हणायला लागली, निम्मी दुसऱ्या ग्रुपात गेली. मीही धुसफुसत होतो.

चाचा वारले त्याला आता वर्ष होईल. फोटो काही थांबत नाहीत. कॅफे उघडला की ढीग. बोट डिलीटवर नेतो, मागं घेतो, परत नेतो.

मागच्या आठवड्यात महाळुंगे पडवळला एका घरी कॉम्प्युटर बसवायला गेलो. टीव्हीच्या वर फ्रेम. केस सुटलेले, दोन्ही हात वर.

घरातल्या म्हातारीनं मला बघताना बघितलं. म्हणाली, "आमची सून हाय ती. लई झ्याक नाचती."

मी घाईघाईनं मोबाईल काढला, चाचांना दाखवायला म्हणून. फ्रेमसमोर धरला.

मग तसाच खिशात घातला.