सदूचं कॉलेज कोंदिवड्याला आलं

कोंदिवड्याचा सदू मुंबईच्या एका मोठ्या सरकारी कॉलेजात पट्टेवाला होता. छातीवरून आडवा लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला आणि हातात घंटेची दोरी. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा साहेबांनी घ्यायच्या, पोरांनी द्यायच्या, पण सुरू करायच्या त्या सदूनं. त्यानं दोरी ओढल्याशिवाय या मुलखात कुणी बी. ए. होऊ शकत नाही, असं तो सांगे. त्याला खोटं पाडायला कर्जत तालुक्यात तेव्हा एकही बी. ए. नव्हता.

वर्षातून एकदा, शिमग्याला, तो गावी येई. कोंदिवड्याला शिमग्यात सोंगं निघत आणि सोंगाचा तिथला कायदा असा, की सोंग काढायचं ते मोठ्याचंच. ज्याचं सोंग निघालं त्याचं वजन वाढलं. एका साली कोंडाजी पाटलाचं सोंग काढायचं राहून गेलं, तर पाटील आठ दिवस पारावर फिरकला नाही.

सदूनं वाघ-रावण सोडले आणि गावात कॉलेज आणलं. एकट्यानं, अख्खं. इतिहासाचे मॅकनीलसाहेब बोलण्याआधी टाचांवर मागे-पुढे झुलत, बगळ्यानं माशाकडे बघावं तसे पोरांकडे बघत, मग घशातून एक "अ‍ॅहॅम्" काढून पुस्तकी मराठीत विचारत, "आपण सर्व कुशल आहात काय?" संस्कृतचे शास्त्रीबुवा दर वाक्यामागे छत्री आपटत, "कळलं का? कळलं ना? कुठलं कळतंय." फारसीचे मौलवीसाहेब डोळे मिटून दाढीवरून तीनदा हात फिरवल्याशिवाय तोंड उघडत नसत. तिसऱ्या वेळी म्हणत, "हाँ, तो मियाँ." हे तिघे सदूच्या एका अंगातून असे भराभरा निघत, की ढोलकीवाल्याचा ठेका चुके.

"आनि पोरं कशी रं हायत?" कोंडाजी दर वर्षी विचारी. उत्तर पाठ असूनही विचारी.

"पोरं म्हंजे अठरापगड, पाटील. पारशी हायत, भाटिये हायत, सिंधी हाय, गोव्याचा किरिस्तांव हाय, अलिबागेकडचा इस्रायली हाय, धारवाडचा कानडी हाय. आनि येक पोरगी बी हाय. पारशाची. शिरीनबाय."

"समदी येका बाकावर?"

"बाक येकच."

"आनि पानी?"

सदू बिल्ला सारखा करी. "पानी वायलं, ज्याचं त्याचं."

"मंग खरं असंल," पाटील म्हणे.

मागून हिरामण विचारी, "आनि कुनब्याचं कोन हाय का रं?"

"मी हाय की. घंटा कोन वाजवतो?"

हे सगळं चालून जाई, कारण मुंबई आणि कोंदिवडं यांच्यामध्ये अख्खी ठाण्याची खाडी होती. कॉलेजात मात्र सदू मान खाली घालून चाले. मागे एका पट्टेवाल्यानं साहेबाच्या घोड्याची नक्कल केली होती. साहेबाची नाही, नुसत्या घोड्याची. तरी त्याचा पट्टा उतरला होता.

आणि एका नाताळात मॅकनीलसाहेबांना लहर आली, की पोरांना कोंडाण्याची लेणी दाखवायची. लेण्यात जुनी अक्षरं होती, म्हणून शास्त्रीबुवा निघाले. शास्त्रीबुवा निघाले, म्हणून मौलवीसाहेबही निघाले. आणि लेणी सदूच्या गावाच्या डोक्यावर, म्हणून बंदोबस्त सदूकडे आला.

आठ दिवस आधी येऊन त्यानं पाटलाला सगळं समजावलं. कर्जत स्टेशनावर गाड्या लावायच्या, लेण्याची वाट साफ करायची, चुली तीन घालायच्या, पाण्याचे हंडे वेगवेगळे भरायचे. चार गोष्टी सांगितल्या, पाचवी सांगायची राहिली. ऐन थंडीत शिमग्याची आठवण कुणाला येणार?

ती कोंडाजी पाटलाला आली. एवढी मोठी माणसं गावात यायची आणि त्यांचं सोंग काढायचं नाही, तर गावाची अब्रू काय राहिली?

"पन पाटील, शिमगा नाय," हिरामण म्हणाला.

"पावना आला तोच शिमगा रं."

गाड्या वेशीशी आल्या तेव्हा ढोलकी वाजत होती. सदू पुढच्या गाडीत, पट्टा लखलखीत. त्यानं मान वर केली आणि त्याचं पाणी पाणी झालं. वेशीत खुद्द कोंडाजी पाटील उभा होता. तोंडाला तांदळाचं पीठ, डोक्यावर अर्ध्या भोपळ्याची टोपी, आणि पाटील टाचांवर मागे-पुढे झुलत होता. शेजारी हिरामण छत्री आपटत होता. त्याच्याशेजारी गावातलाच नागू, अंबाडीची हातभर दाढी लावून, डोळे मिटून ती कुरवाळत होता.

सदूची बायको सुंदरा हंडा घेऊन गाडीपाशी आली. "अवं, तोंड का असं?"

"सुंदरे, माजा पट्टा गेला."

"छातीवर तर हाय."

तेवढ्यात पोरं गाडीतून उतरली ती हसतच. कानडी पोरगा सिंध्याच्या खांद्यावर पडला, किरिस्तांव इस्रायल्याच्या. शिरीनबायनं रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. सदूनं डोळे मिटले.

खांद्यावर हात पडला. मॅकनीलसाहेब.

"सदू, शास्त्री अत्युत्तम. मौलवी त्याहून उत्तम. परंतु हा भोपळ्याचा मनुष्य कोण?"

सदूनं एक डोळा उघडला. साहेब खरोखरच विचारत होते.

"तो आमचा तलाठी, सायेब."

साहेब गेले, शास्त्रीबुवा आले. "साहेब हुबेहूब रे. मौलवी तर बोलायलाच नको. पण हा मधला कोण? सारखी छत्री आपटतोय, सारखं तेच विचारतोय. असली माणसं फार पिडतात. कळलं का? कळलं ना?"

"तलाठी, बुवा."

मौलवीसाहेबांनी दाढीवरून तीनदा हात फिरवला. "हाँ, तो मियाँ, वो दाढ़ीवाला कौन?"

"तलाठी, हुजूर."

सदूचा जीव जागेवर येत होता. पण शिरीनबायच्या पोटात हसू राहीना. ती म्हणाली, "सर, या एका गावमां तलाठी तीन छे?"

साहेब थबकले. टाचांवर झुलू लागले. समोर कोंडाजीही झुलत होता. साहेब पुढे, पाटील पुढे. साहेब मागे, पाटील मागे. दोघांच्या घशातून एकदमच "अ‍ॅहॅम्" निघालं.

ढोलकी थांबली. शास्त्रीबुवांनी आपटायला उचललेली छत्री वरच राहिली.

पाटील हात जोडून पुढे झाला. "सायेब, आमच्यात मोठ्या मानसाचंच सोंग काढत्यात. समदं आमच्या सदूनं शिकवलं. पाच वर्सं झाली, दर शिमग्याला तुमचं नाव काढतो."

सदूनं पट्ट्याच्या बकलाला हात घातला. आपणच काढून दिलेला बरा.

"पाच वर्षे," साहेब म्हणाले. पुढे काय म्हणणार होते कोण जाणे, कारण तेवढ्यात चौथं सोंग आलं. गावातलाच पोरगा, पदू. छातीवर शिंदीच्या पात्याचा आडवा पट्टा, त्यावर बिल्ला म्हणून एक अख्खी पत्रावळ, हातात म्हशीच्या गळ्यातली घंटा. छाती एवढी पुढे, की त्याला आपलेच पाय दिसत नव्हते. कुणीही वाटेत नसताना तो कोपरानं माणसं सारीत आला, "बाजू व्हा रं, बाजू व्हा. बी. ए. येत्यात. मी वाजवीन तवा येत्यात."

आधी मौलवीसाहेब फुटले. मग शास्त्रीबुवा. मग साहेब असे हसले, की त्यांना गाडीचं चाक धरावं लागलं. अठरापगड पोरं धुळीत बसली. हंडे वेगळे होते, पण उचक्या सगळ्यांना एकदमच लागल्या.

सदू तेवढा हसला नाही. तो सुंदराकडे वाकला. "हा कोन गं? आपल्या गावात आसला फुगलेला बेडूक कोन हाय?"

सुंदरानं पदर तोंडात धरला. तिला बोलवेना.

मॅकनीलसाहेबांनी डोळे पुसले, बकलावरचा सदूचा हात बाजूला केला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "सदू, तो तुमचा तलाठी."

सुट्टी संपल्यावर कॉलेजची घंटा सदूनंच वाजवली. दोरी ओढताना मात्र त्यानं आधी खाली वाकून बघितलं, आपले पाय दिसतात का ते.