विहिरीतलं इंजिन

लाइट गेली की आमच्या सोलापूरच्या इमारतीत तळघरातला जनरेटर सुरू होतो. जिन्यातून डिझेलचा धूर वर येतो आणि मी मंद्रूपच्या आमच्या विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहते.

बहात्तरच्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं, की काठावरच्या इंजिनाला ते ओढेना. मग बाबांनी चार माणसं लावून इंजिन विहिरीतल्या कपारीवर उतरवलं आणि कमरेला दोर बांधून स्वतःही उतरले. इंजिन धडधडलं, पाटात पाणी आलं. धूर मात्र वर येईना, आतच कोंडून राहिला. आम्ही हाका मारत होतो, आणि बाबांची ओ येईनाशी झाली.

दोरानं ओढून वर काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते. अंगाला तोच वास. शुद्धीवर यायला उन्हं कलली.

"धुरानं आसरा कोपल्या," चुलते म्हणाले. "वटी भरा त्यांची."

आईनं खण-नारळ आणून विहिरीतल्या आसरांची ओटी मनोभावे भरली, हात जोडले आणि वळून म्हणाली, "पान्यातल्या देवीला जो धूर सोसंना, त्यो माणसाला सोसंल व्हय? इंजिन भायेर काडा आदी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोट जुंपली. निम्मं पीक वाळलं, पण बाबा पुढं खूप वर्षं जगले.

काल इमारतीच्या मीटिंगमध्ये तळघराला धूर ओढणारा पंखा बसवायचं चाललं होतं. मी उठले. म्हटलं, गच्चीवर सोलापूरचं ऊन पडलंय, दिवे त्या उन्हावर चालवा. आणि इंजिन भायेर काडा आदी.