चिठ्ठ्या उतरवून घेण्याचा आठवडा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक चर्चा मंडळ काढलं. दर शनिवारी शेवटचा तास संपला की वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत आम्ही जमायचो. आम्ही म्हणजे सात जण. त्यातला एक धंतोलीत माझ्या शेजारी राहणारा. त्याला मी सायकलवर डबलसीट आणायचो, म्हणून तो माझ्याआधी घरी जाऊ शकत नसे.

विषय मी ठरवायचो. ‘लोकशाही आणि विद्यार्थी’ वगैरे. बोलणाऱ्यानं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, साडेचार मिनिटं झाली की मी घंटी वाजवायचो. घंटी आमच्या देवघरातली होती, आईला न सांगता आणलेली. हजेरीची एक वही होती. तिच्यात प्रत्येकानं सही करून पुढच्या शनिवारसाठी एक विषय सुचवायचा, असा नियम मीच केला होता. सुचवलेला एकही विषय मी कधी घेतला नाही.

सभासद वाढावेत म्हणून मी फलकावर सुंदर अक्षरात सूचना लावल्या, वर्गावर्गात जाऊन आवाहन केलं. मुलं ऐकून घ्यायची आणि शनिवारी बसस्टॉपवर दिसायची.

दिवाळीनंतर तो आला, मंडळातला आठवा. त्याचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. तो तिथल्या कॉलनीतून बसनं यायचा, आणि वर्गात शिरण्याआधी शर्टाची कॉलर झटकायची त्याला सवय होती. पहिल्याच शनिवारी तो बोलत असताना मी घंटी वाजवली. तो थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, “आताच तं सुरू झालो गा. आरती आहे का?”

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या खोलीत इतक्या मोठ्यानं कुणी हसण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती माझ्यामुळे आली नव्हती.

जिना उतरताना तो म्हणाला, “पोरं काहून येत नाहीत, सांगू? तू त्यांले सांगूनच राहिला. विचारून नाही राहिला.”

“मग काय विचारू?”

“ते मले एक महिना करून पाहू दे.”

मी हो म्हणालो. फजिती होईल अशी खात्री होती म्हणून हो म्हणालो, हेही आता लिहून टाकतो.

सोमवारी त्यानं सायकल स्टँडच्या खांबाला एक पुठ्ठा लटकवला. त्यावर खडूनं लिहिलं होतं: ‘घरी कोणत्या गोष्टीवर बोलताच येत नाही?’ खाली सुतळीनं बांधलेली एक वही आणि पेन्सिल. कुणीही लिहावं, नाव लिहू नये. शनिवारी तो ती वही वाचून दाखवणार आणि मग ज्याला वाटेल त्यानं बसल्या जागेवरून बोलावं. तिसऱ्या दिवशी वहीची चार पानं भरली.

स्टँडवर मुलांचा घोळका असे, त्यामुळे मुली तिथे लिहीत नसत. त्यांच्यासाठी त्यानं वेगळी सोय केली. मुलींनी चिठ्ठी लिहून घडी घालून त्याच्याकडे द्यायची, तो ती आपल्या अक्षरात वहीत उतरवणार आणि चिठ्ठी लगेच फाडून टाकणार. “अक्षर माह्याशिवाय कोणी पाहणार नाही,” असा शब्द त्यानं त्यांना भर वर्गात दिला होता. त्या शब्दावर मुली आल्या. मुली आल्या म्हणून आणखी मुलं आली.

संक्रांतीपर्यंत बाजूच्या खोलीतून बाकं आणावी लागली. माझ्या हजेरीच्या वहीत एका शनिवारी चाळीस सह्या झाल्या. मंडळ माझं होतं आणि माणसं त्याची. लोक मला जिन्यात गाठून विचारायचे, “आज तो येणार आहे ना?” ज्या सरांना मी सहा वेळा बोलावूनही ते आले नव्हते, ते एकदा आपणहून येऊन मागच्या बाकावर बसले. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उजव्या खांद्यावर. इतक्या वर्षांनंतरही मला खांदा आठवतो, सर काय म्हणाले ते आठवत नाही.

एकदा त्याच्या बसला उशीर झाला. मी म्हटलं, सुरू करू या. मागून कुणीतरी म्हणालं, “थांब ना यार, येईलच तो.” मी घंटी वाजवली. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तो धापा टाकत आला तेव्हा सगळ्यांनी बाकं वाजवली, आणि त्यात माझा तो डबलसीट शेजारीही होता. त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. आईनं कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

त्याच सुमारास त्याची प्रॅक्टिकलची परीक्षा आली. तो माझ्याकडे चिठ्ठ्यांचं पाकीट घेऊन आला.

“एवढ्या वेळी तू उतरवून घे गा. कोणाले सांगू नको, तुले दिल्या म्हणून. पोरी मारतील मले.”

“मलाच का?”

“मंग कोणाले देऊ? तू सेक्रेटरी आहे.”

त्या आठवड्याचा प्रश्न होता, लग्न ठरवताना घरच्यांनी आपल्याला काय विचारावं? मी त्याच्या अक्षराची नक्कल करत अकरा चिठ्ठ्या वहीत उतरवल्या. एक चिठ्ठी अशी होती: ‘आधी विचारावं तरी. काय विचारावं ते मग बघू. दोनदा पाहुणे येऊन गेले. दोन्ही वेळा मला आदल्या दिवशी कळलं. मला एम.एस्सी. करायचं आहे, हे घरात फक्त भिंतींना माहीत आहे.’

अक्षर मी ओळखलं. दाराजवळच्या बाकावर बसणारी एक मुलगी हजेरीच्या वहीत दर आठवड्याला इमानानं विषय सुचवायची, आणि तिचे टपोरे, डावीकडे झुकलेले शब्द दुसऱ्या कुणाचे असणं शक्य नव्हतं. मी चिठ्ठ्या फाडल्या. तिथवर मी शब्द पाळला.

शनिवारी त्यानं ते वाचलं. त्याची वाचायची पद्धत साधी होती, आवाज चढवत नसे.  मग एक मुलगी बसल्या जागेवरून बोलली, मग दुसरी, मग तीन मुलं. त्या दिवशी सगळी मंडळी खोली सोडायला तयार नव्हती, शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा राहिला तेव्हा कुठे उठली. उठल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले. मी बाकं सरळ लावत होतो.

सोमवारी माझ्या वर्गातला एक मुलगा स्टँडवर भेटला. तो त्या मुलीचा चुलत भाऊ होता, एकत्र कुटुंबातला. मी सायकलला कुलूप लावता लावता म्हटलं, “तुझ्या बहिणीनं मंडळाच्या वहीत काय सुंदर लिहिलंय!”

“आमच्या बहिणीनं? काय लिहिलं?”

मी सांगितलं. कौतुक म्हणूनच सांगितलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला पटवलं. पण बोलताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तो चेहरा बदलत गेला तरी मी थांबलो नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले आणि सरांना भेटून गेले. त्यानंतर ती भावाच्या सायकलवर यायची आणि तास संपला की त्याच सायकलवर जायची. मुलींच्या चिठ्ठ्या एकदम बंद झाल्या. घरी कुणाकडून कळलं, हे तिच्या भावाला कुणी विचारलंच नाही; अक्षर पाहणारा माणूस एकच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. एकीनं त्याला जिन्यात गाठून सगळ्यांसमोर म्हटलं, “भरोसा ठेवला होता ना तुझ्यावर? तमाशा केला तू तिचा!” 

तो मला कँटीनमागे घेऊन गेला.

“तू कोणाले सांगितलं तं नाही?”

“नाही.”

“खरं?”

“तुझी शपथ.”

त्यानं लगेच विश्वास ठेवला. त्यानं थोडा जरी संशय घेतला असता, तर मला त्याचा राग करता आला असता. “मंग माह्याजवळ होत्या तेव्हाच कोणी वाचली असेल बसमध्ये,” तो म्हणाला. चिठ्ठ्या मी उतरवल्या होत्या हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या हाती दिल्या हाही आपलाच गुन्हा, असं तो धरून बसला. त्यानं पुठ्ठा आणि वही काढून टाकली आणि येणं बंद केलं.

मंडळ मला परत मिळालं. पुढच्या शनिवारी नऊ जण होते, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच.

परीक्षा संपल्यावर तिचा भाऊ भेटला. तिचं लग्न ठरलं होतं. त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्ला. मग मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी मी कोराडीची बस धरली. काय बोलायचं ते वाटेभर पाठ केलं: मी सांगितलं, मुद्दाम सांगितलं, तुझ्याकडे माणसं येत होती म्हणून सांगितलं.

संध्याकाळ होत आली होती. कॉलनीच्या मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीखाली दहा-पंधरा जण बसले होते. काही त्याच्या वयाचे, काही पाळी संपवून आलेले कामगार. कॉलनीतल्या बायकांनी नोकरी करावी का, यावर जोरात वाद चालला होता. तो मधे बसून नुसता विचारत होता. मला बघून उठला आणि हात धरून सगळ्यांना म्हणाला, “हा आमचा सेक्रेटरी. मंडळ यानंच काढलं होतं. मी तं याच्यापासून शिकलो.”

माणसांनी सरकून मला जागा दिली. मला ती जागा नको होती. मला त्याची हवी होती.

तो मला बसपर्यंत सोडायला आला. “बोल ना, काहून आला होता?”

“असंच. भेटायला.”

“शनिवारी किती येतात आता?”

“चाळीसेक येतात,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. “बरं झालं गा. मले वाटे, माह्यापायी मोडलं. पोरी येतात?”

“येतात.”

“अन् ते, दाराजवळची?”

“तिचं लग्न ठरलं.”

त्यानं मान रस्त्याकडे वळवली. “माह्यापायी,” एवढंच म्हणाला.

बस उभी होती, ड्रायव्हर अजून चढला नव्हता. दोन वाक्यांपुरता वेळ माझ्याजवळ होता. ती बोललो असतो तर त्याच्यावरचं ओझं तिथेच उतरलं असतं, तो हलका होऊन त्या टाकीखाली परत गेला असता आणि लोकांनी त्याला आणखी जवळ घेतलं असतं. मला तेच सहन होत नव्हतं. मी बसमध्ये चढलो.