सहा विरुद्ध ग्वेन

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आपल्या घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे जमतात ना, तसे ते जमतात. टाकवत नाहीत, आणि पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, चार माणसं आली की एकेक बाहेर निघतो. आमच्याकडे जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, “मंजू, ग्वेनचं काहीतरी सांग यार!” आणि माझा नवरा नितीन भांडी डिशवॉशरमध्ये लावायला उठतो, कारण त्याला सगळे पाठ आहेत.

ज्यांना ग्वेन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनच्या पुढे पंधरा मिनिटांवर आमचं गाव. गावाच्या काउन्सिलमध्ये सात माणसं. मेयर धरून सहा एका पक्षाची, सातवी ग्वेन. म्हणजे विरोधी पक्ष, विरोधी पक्षनेता आणि विरोधी पक्षाची घोषणाबाजी, सगळं मिळून एक बाई! वय अडुसष्ट, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. तिचे आजी-आजोबा वेल्समधून आलेले. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटून असलेला छोटासा देश, त्यांची भाषा वेल्श. ती जगली पाहिजे, आणि गावात ज्याचं कोणी ऐकत नाही त्याचं काउन्सिलनं ऐकलं पाहिजे, हे ग्वेनचे दोन विषय. तिसरा विषय निघाला तर तो फिरून याच दोहोंवर यायचा.

मी तिची व्हॉलंटिअर. २००३ ते २००७, चार वर्षं. एच-फोर व्हिसावर होते, नोकरी करता येत नव्हती. नितीन म्हणाला, “कमाल आहे! इथे तुला दुकानात काम करता येत नाही, पण सरकारला विरोध करता येतो!”

*

आमची ओळख लायब्ररीत झाली. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं, नितीन न्यायला येईपर्यंत मी तिथे बसून राहायची. एका टेबलावर पाटी होती, “वेल्श शिका. फुकट.” समोर आठ खुर्च्या. आठही रिकाम्या.

ग्वेननं मला विचारलं, “क्लासला आलीस का?”

नाही म्हणण्याइतकं इंग्लिश मला तेव्हा जमत नव्हतं. मी म्हटलं, “येस.”

झालं! वेल्शच्या वर्गाला विद्यार्थिनी मिळाली, आणि ती नागपूरची.

वेल्शमध्ये एक चमत्कारिक ‘ल’ आहे. जीभ ‘ल’सारखी टाळूला लावायची आणि बाजूनं फुंकर मारायची. मी मारली. समोरच्या पुस्तकाला थुंकी लागली, पण ‘ल’ काही आला नाही. मग मी म्हटलं, असं का, तर आता तुम्ही ‘ळ’ म्हणून दाखवा. तिचा चेहराच पडला. तीन आठवडे ती ‘बाळ’ म्हणायला शिकत होती. बाल, बार, बाड, सगळं झालं.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. नितीननं उचलला. मिनिटभर नुसता ऐकत राहिला, मग रिसीव्हरवर हात ठेवून पांढऱ्या चेहऱ्यानं मला म्हणाला, “कोणीतरी बाई सारखी ‘बाळ, बाळ’ ओरडतेय. तू मला काही सांगायचं विसरलीस का?”

*

गावात एक मोठं हॉटेल आहे. तिथे खोल्या साफ करणाऱ्या बायका, बहुतेक मेक्सिकन आणि सोमाली, शिफ्ट संपली की बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. आठ-आठ तास उभ्यानं काम, त्यावर चाळीस मिनिटं उभं. ग्वेननं मोशन, म्हणजे ठराव आणला, तिथे एक बाक टाका. फक्त एक बाक!

आता नियम असा की मोशनला सेकंड करणारा, म्हणजे अनुमोदन देणारा लागतो, नाहीतर चर्चाच नाही. मेयर विचारायचे, “कोणी सेकंड करतंय?” सहाही जण छताकडे बघायचे. मोशन रद्द. पुढच्या महिन्यात ग्वेन पुन्हा तेच मोशन आणायची. असं आठ महिने! शेवटी शेवटी तर क्लार्क ‘रद्द’ हा शब्द घरून टाईप करूनच आणायची.

नवव्या महिन्यात ग्वेननं काही आणलं नाही. तिनं आपल्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची गाडीत घातली आणि बस स्टॉपवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी आमची फोल्डिंगची ठेवली. चर्चमधल्या बायकांनी दोन आणल्या. हॉटेलच्या एका सोमाली बाईनं झुलती खुर्ची आणली, कुठून ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. शुक्रवारपर्यंत अकरा खुर्च्या! दुपारी तीनला तिथून गेलात तर वाटावं, कोणाचं तरी हळदीकुंकू आहे.

पुढच्या मीटिंगला अजेंड्यावर पहिला विषय, “बस स्टॉपवरील बेकायदा फर्निचर.” मांडला सत्ताधाऱ्यांनी, सेकंड केला सत्ताधाऱ्यांनी. ग्वेन उठली आणि म्हणाली, “मेयरसाहेब, बस स्टॉपवर बसण्याच्या प्रश्नावर मला आठ महिने एक माणूस मिळत नव्हता. आज तुम्ही दोन दिलेत. आभारी आहे. चला, चर्चा करू!”

बाक बसला. हिरवा आहे. झुलती खुर्ची मात्र त्या बाईनं परत नेली.

*

काउन्सिलच्या त्या सहा जणांत एक गृहस्थ होते, घरं विकायचा धंदा. ग्वेननं लायब्ररीत वेल्श पुस्तकांचं एक कपाट मागितलं तेव्हा ते हसत म्हणाले, “मॅडम, वेल्श ही मेलेली भाषा आहे.”

ग्वेन शांतपणे म्हणाली, “धिम एटो.”

“काय म्हणालात?”

“‘अजून नाही’ म्हणाले. वेल्शमध्ये.”

*

आमच्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. एका वर्षी ग्वेनला पाहुणी म्हणून बोलावलं. ती हट्टाला पेटली, एक वाक्य तरी मराठीत बोलणार. मी लिहून दिलं, “मी तुमची आभारी आहे.” आठवडाभर गाडीत घोकत होती.

स्टेजवर गेली. माईक धरला. तीनशे माणसं गप्प झाली. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “मी तुमची आजारी आहे!”

आमच्या मंडळात दर तिसरा माणूस डॉक्टर. लोक हसायला लागले, पण पुढच्या रांगेतले दोघं खरंच उठून उभे राहिले! एकानं तर सवयीनं स्टेथोस्कोपसाठी खिशात हात घातला.

मी विंगेतून खुणा करत होते. ग्वेनला काही कळेना. नंतर समजावून सांगितलं तेव्हा पोट धरधरून हसली, आणि म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषणाला लोक उठून उभे राहिले. मी वाक्य बदलणार नाही!”

*

पुढचा किस्सा सांगताना मात्र मी हातातलं ताट बाजूला ठेवते.

जानेवारीतली गोष्ट. ग्वेन तिच्या एका मैत्रिणीला भेटायला नर्सिंग होममध्ये गेली होती. तिथून तिचा फोन, “मंजूषा, ताबडतोब ये. शेजारच्या खोलीत एक बाई बोलतेय. त्यात ‘ळ’ आहे!”

गेले. साताऱ्याच्या आजी होत्या, मुलाकडे आलेल्या. बर्फावरून घसरून खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं. मुलगा प्रोजेक्टवर सिॲटलला, सून दोन लहान पोरांना सांभाळून संध्याकाळी तासभर यायची. दिवसभर आजी एकट्या. फाइलमध्ये लिहिलं होतं, “गोंधळलेली आहे. साध्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत.” सोमवारी त्यांना स्मृती गेलेल्या रुग्णांच्या वॉर्डात हलवणार होते. त्या वॉर्डाचं दार बाहेरून बंद असतं.

मी नुसतं “आजी” म्हटलं, तर त्यांनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी वाकली.

“कोण गं तू? बरं झालं आलीस! यांना सांग, मी वेडी नाही. ही बाई रोज विचारते, मंथ कोणता. तेवढं इंग्लिश मला येतं की! मी रोज सांगते, पौष. ती मान हलवते आणि काहीतरी लिहून घेते.”

घरी फोन करून नितीनला फ्रिजवरचं कॅलेंडर बघायला लावलं. पौषच होता.

त्यांना तिथून हलवलं नाही. सोमवारी त्या आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर बसून माझ्या डब्यातला मेतकूट-भात खात होत्या. पण त्या पहिल्या दिवशी ग्वेन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

“माझी आजी शेवटचे नऊ दिवस फक्त वेल्श बोलत होती,” ती म्हणाली. “नर्सनं लिहिलं, बडबडते. ती पाणी मागत होती. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वेल्श येत नव्हतं.”

मी तिच्या शेजारी भिंतीला टेकले.

“म्हणून शिकले,” ती म्हणाली, आणि पर्समधून वही काढून मोशनचा मसुदा तिथेच लिहायला लागली.

*

आता तेच मोशन. गावाच्या ॲम्ब्युलन्समध्ये आणि गावाच्या दवाखान्यात फोनवर दुभाषी मिळावा, कुठल्याही भाषेचा. एवढीच मागणी. सहांतल्या एकानं कसंबसं सेकंड केलं आणि मोशन चर्चेला आलं. संध्याकाळी सातची मीटिंग, हॉल भरलेला. आमच्या मराठी मंडळातले लोक आले होते, हॉटेलच्या बायका आल्या होत्या.

नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. आणि पहिलंच नाव पुकारलं गेलं ते सरदेसाई काकांचं. काका म्हणजे रिटायर्ड सर्जन, चाळीस वर्षांपूर्वी या देशात आलेले. दर निवडणुकीला सत्ताधाऱ्यांचा बोर्ड त्यांच्या लॉनवर. देवळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी मला आदल्याच आठवड्यात सुनावलं होतं, “दुभाषी कशाला? या देशात यायचं तर इंग्लिश शिकून यायचं. आम्ही नाही आलो?”

काका माईकपाशी गेले. कोट नीट केला. आणि मराठीत बोलायला लागले!

मेयर गडबडले. “डॉक्टर, प्लीज, इंग्लिशमध्ये...”

ग्वेन लगेच म्हणाली, “नियमात तीन मिनिटं आहेत, साहेब. भाषेचं काही नाही.”

काका थांबलेच नव्हते. कोणाकडेही न बघता, समोरच्या झेंड्याकडे बघत बोलत होते.

“मी नवीन होतो. सहा महिने झाले होते येऊन. एक हंगेरियन म्हातारी ॲडमिट झाली. पोटावर हात ठेवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तो कळला नाही. कोणाला विचारलं असतं तर म्हणाले असते, या नव्या डॉक्टरला काही समजत नाही. मी मान डोलावली. समजल्यासारखं केलं. तिला बरं वाटलं, ती हसली माझ्याकडे बघून. पहाटे गेली. तो शब्द मला अजून पाठ आहे. अर्थ मी कोणाला विचारला नाही.”

मग त्यांनी तो शब्द म्हटला. एकदाच. आणि जागेवर जाऊन बसले.

हॉलमधल्या मराठी माणसांनी माना खाली घातल्या होत्या. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. मेयर म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले, कोणी सांगू शकेल का?”

ग्वेननं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. पलीकडच्या रांगेतून काकांनी मान हलवली. नको.

मी म्हटलं, “सॉरी, मला सांगता येणार नाही.”

आणि बसले. मेयर बराच वेळ समोरच्या कागदाकडे बघत राहिले. मग मतदान घेतलं. चार विरुद्ध तीन. मोशन पास! चौथं मत मेयरचं होतं.

लोक ग्वेनभोवती गोळा झाले, टाळ्या, मिठ्या. मी कोट घ्यायला दारापाशी गेले. सरदेसाई काका-काकू माझ्या पुढेच होते. काकू त्यांना कोट घालायला मदत करत होत्या. एक बाही घातली, दुसरी घातली, कॉलर सारखी केली. मग हात तिथेच ठेवून अगदी हळू म्हणाल्या, “चाळीस वर्षांत मला नाही सांगितलंत.”

काका म्हणाले, “तुला मराठी येतं. तुला कळलं असतं.”