घाटोळेकाकांचं अ‍ॅव्हरेज

"पाय उचल! सिग्नल लाल दिसतोय ना, मग अ‍ॅक्सिलरेटर कशाला दाबतो बे? घरंगळू दे, बॅटरी भरते!" घाटोळेकाका माझ्या कानाशी असे ओरडले, की सुट्टीचा भोंगा झाला समजून गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतले कामगार डबे घेऊन बाहेर आले.

काका आमचे शेजारी, मूळचे नागपूरचे, सरकारी कचेरीतून निवृत्त. फंडाच्या पैशांतून त्यांनी ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेतली. तलावाकाठून ती इतकी हळू न्यायचे, की मागच्या गाडीतलं तान्हं पोर पुढच्या चौकात बोलायला लागायचं. शोरूममध्ये सांगितलेलं अ‍ॅव्हरेज मात्र कधीच मिळालं नाही. "तो कंपनीचा आकडा," काका म्हणायचे. "रस्त्याचा आकडा वेगळा असतो."

काकूंचं एकच मागणं होतं, नागपूरला धाकट्या बहिणीकडे, सुमाकडे, या गाडीने जायचं.

"अगं, ही गर्दीत कमावते. हायवेवर नुसतं पेट्रोल पिते. रेल्वेने जा ना!"

"रेल्वे काय मी पाहिली नाही? मला तुमच्या शेजारी बसून जायचंय."

"पुढच्या वर्षी बघू."

मग काकूंना कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी काढतील. काकांनी विचारलं, "हा कंपनीचा आकडा की रस्त्याचा?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दिवाळीआधीच काकूंनी अंथरूण धरलं. "सुमाकडे न्या हो," एवढंच म्हणायच्या. एका सकाळी निघालो. काकू पुढे, सीट मागे पाडून. मी मागे, औषधांची पिशवी घेऊन. काकांनी गाडी अशी हाणली, की रस्त्यातली गावं घाबरून बाजूला सरकली. बैतूलच्या चढावर बॅटरी संपली, एकटं इंजिन बोंबलायला लागलं.

"अहो, हळू," काकू पुटपुटल्या. "अ‍ॅव्हरेज पडतंय तुमचं."

"खड्ड्यात गेलं अ‍ॅव्हरेज!"

काकू हसल्या. खरंच हसल्या, यात मी काही वाढवलेलं नाही.

पांढुर्ण्याजवळ काकांनी डावा हात काकूंच्या हातावर ठेवला, बराच वेळ काढला नाही. मग वेग उतरला. ट्रक भोंगे वाजवत पुढे जायला लागले. मला वाटलं, जुनी खोड परत आली. "काका, दाबा की, मावशी वाट बघत असतील," मी म्हणालो. त्यांनी गाडी तशीच डाव्या कडेने हळू चालू ठेवली.

सुमामावशी फाटकातच उभ्या होत्या. धावत येऊन त्यांनी दार उघडलं. "ताई! अगं ताई! भाऊजी, झोपली का हो ही?"

"पांढुर्ण्यापाशी गेली," काका म्हणाले.