दोन खुर्च्या

रोप लावून सावलीची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात नाही. म्हणून दारव्हा रोडच्या नर्सरीत तयार वाढलेलं झाड घ्यायला गेलो. मागच्याच खेपेला एक बकुळ हेरून ठेवली होती. माझ्याहून उंच, खोड चांगलं भरलेलं, मुळं मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात बांधलेली.

तिच्याखाली एक बाई बसली होती. साठीची, जाड चष्म्याची. घरून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन आली होती. एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जायची, एका खुर्चीत स्वतः बसायची, दुसरी रिकामीच शेजारी मांडायची. माझ्या बकुळीखाली तर तिनं निवांत डोळे मिटून घेतले. माझा नुसता जळफळाट झाला. माझं झाड गेलंच, असं वाटलं.

डोळे उघडून तिनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर रखरखीत ऊन होतं.

"घ्या भाऊ, तुमीच न्या," ती मला म्हणाली. "झाड लय चांगलं हाय, पन सावली एकट्यापुरतीच हाय. आमाले दोघाईले नाई पुरनार."

खुर्च्या उचलून ती पलीकडच्या वाकड्या, पसरट करंजाकडे गेली. तिथं दोन्ही खुर्च्या सावलीत मावल्या, आणि तिनं तोच घेतला.

बकुळ मी जिंकल्यासारखी घरी आणली. अंगणात ती छान रुजलीही. दुपारी तिच्याखाली खुर्ची टाकून बसतो. सावली मला बरोबर पुरते. तिकडे करंजाखाली त्या दुसऱ्या खुर्चीत जो कोणी बसत असेल, त्याच्यावर मात्र मी रोज जळतो.