बाबांची शटडाऊनची यादी

माझा स्वभाव उतावळा. वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण उघडायला जाणारी बाई मी. आमचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घ्यायला लागला, तेव्हा तो उचलून क्वार्टरमागच्या नाल्यात टाकावा असं रोज वाटायचं. पण रोज संध्याकाळी सातला पुण्याहून धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल त्याच्यावरच यायचा.

बाबांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये गेली आणि त्या धडधडाटात कानही तिथंच गेले. ते ओठ वाचतात, पण ओळखीच्या माणसाचे, घरच्या बोलीतले. लॅपटॉपवर चित्र अडकायचं, बहिणीचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. म्हणून ती बोलायची, मी ऐकायची आणि बाबांकडे तोंड करून सावकाश सांगायची. सांगताना बरंच गाळायची. तीन महिन्यांपूर्वी तिनं नवऱ्याचं घर सोडलं होतं. स्थळ बाबांनीच आणलेलं, मिलमधल्या दोस्ताचा मुलगा. कळलं तर ते स्वतःला खात बसतील, या भीतीनं आम्ही दोघी अळीमिळी गुपचिळी करून होतो. "बरी हाये म्हनते," एवढंच मी सांगायची.

मी नोकरी करते त्या शाळेतले संगणकाचे सर म्हणाले, विंडोज काढून लिनक्स टाका, जुन्या लॅपटॉपवरही ते भराभर चालतं. पण आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतलं काही पुसलं जात नाही आणि लॅपटॉपचा कुठला भाग त्याच्याशी जुळतो, कुठला नाही, ते कळतं.

बाबांना हे फार पटलं. प्लांटमध्ये मशीन बंद करायच्या आधी यादी करतात, एकेक गोष्ट हातानं तपासतात, टिक करतात, मगच शटडाऊन. त्यांनी डायरीचं पान फाडून यादी केली आणि रविवारी दुपारी चष्मा लावून माझ्या शेजारी बसले.

"वायफाय?"

"चालते."

"टचपॅड?"

"चालते, बाबा."

कीबोर्ड, चार्जिंग, स्क्रीनचा उजेड. झाकण लावून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तीनदा करायला लावलं. माझे पाय टेबलाखाली नाचत होते.

"कावून घाई करून राहिली? एकदा बंद केल्यावर बोंबलून फायदा नाही," ते म्हणाले.

शेवटी कॅमेरा. बाबा स्क्रीनवर स्वच्छ दिसले, न अडकता हलत होते. त्यांनी आपलेच ओठ हलवून पाहिले, हसले आणि कागदावर सही केली. शाई वाळायच्या आत मी इन्स्टॉल दाबलं.

सातला बहीण स्क्रीनवर आली. चित्र इतकं सुरेख की पापणी लवलेली दिसत होती. आवाज मात्र नव्हता. मी सेटिंग उघडून पाहिलं. लिनक्सला आमचं साउंड कार्ड ओळखताच आलं नव्हतं. मी यादी पुन्हा वाचली. कान गेलेल्या माणसानं केलेली यादी ती, तिच्यात आवाज नव्हताच. आणि मी, दोन्ही कान धड असलेली, नुसती टिक मारून घेत होते. स्वतःचाच राग आला.

पलीकडे बहिणीनं कानाला हात लावला, मान हलवली आणि बोलायला लागली.

"काय म्हनते?" मी बाबांना विचारलं. एरवी हे ते मला विचारायचे.

स्क्रीनवरची नजर न हलवता ते पेपर वाचावा तसं सांगू लागले. "तुहा आवाज येऊन नाही राहिला म्हनते. तू फक्त आइक म्हनते. वकिलाचा फोन आला होता." ते थांबले. "बाबाले सांगू नको म्हनते."

मी झाकण लावायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. चित्र आता अडकत नाही हे तिला काय ठाऊक, ती बोलतच होती. बाबा आता मोठ्यानं सांगत नव्हते, नुसतं वाचत होते.

"किती दिवस झाले?" त्यांनी मला विचारलं.

"तीन महिने."

"एकटी राहून राहिली?"

मी मान डोलावली. आता ओरडतील असं वाटलं. त्यांनी हात पुढे केला. "तिले फोन लाव."

बाबा फोनला कधी हात लावत नाहीत, त्यांच्या तो काही कामाचा नाही. मी लावून दिला. त्यांनी तो तोंडासमोर धरला आणि शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "चूक माही हाये, बेटा. तू घरी ये."

मग फोन तसाच धरून ते स्क्रीनकडे बघत राहिले. ती आधी नुसती रडली. मग तिचे ओठ हलले.

"येते म्हनते," बाबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे देऊन डोळे पुसायला लागले.

मी फोन कानाला लावला. ती विचारत होती, "ताई, बाबाले कोनं सांगितलं?"

"तूच," मी म्हटलं.